फूल ना फुलाची पाकळी, पण वेळेवर

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मावसबहिणीचं लग्न छान पार पडलं होतं, पाहुणे पांगले होते आणि स्टेजमागची फुलांची भिंत उतरवायला चार पोरं शिडीवर चढली होती. एकजण वरून मूठमूठ फुलं उपटून खाली टाकत होता, दुसरा ती पायानं ढकलत गोळा करत होता, बाकीचे दोघं काळ्या पिशव्या भरत होते. त्यातले कितीतरी गुलाब अजून धड उमललेही नव्हते. मी विचारलं, "दादा, थोडी मी नेऊ का?" तो म्हणाला, "न्या की ताई. पण दहा मिनिटांत, हॉल रिकामा करून द्यायचाय." भरजरी कपड्यांत, एका खांद्यावर झोपलेलं पोर घेऊन दहा मिनिटांत माणूस किती फुलं उचलणार? मी दोन मुठी उचलल्या. घरी पोचेपर्यंत त्याही चुरगळल्या.

तेव्हापासून लग्नातली उरलेली फुलं वाया जाऊ द्यायची नाहीत, हे खूळ डोक्यात बसलंय. घरात तीन-चार लग्नं झाली, त्यात बरंच करून पाहिलं, बरंच फसलं. मला कळलं ते एवढंच: लग्नातली फुलं कोमेजली म्हणून वाया जात नाहीत. रात्री साडेअकरा वाजता ती कुणाचीच नसतात, म्हणून जातात. नवरा-नवरी दमलेले, आईवडील हिशेबात, डेकोरेटरला दुसऱ्या हॉलवर पोचायचं असतं. त्या अर्ध्या तासाला जोवर कुणी वाली नसतो, तोवर इंटरनेटवरच्या सगळ्या कल्पना नुसत्या बघायला.

पण वाली असला म्हणजे भागतं असंही नाही, हे दिराच्या लग्नात कळलं. तेव्हा मी जय्यत तयारीत होते. गाडी भरून फुलं घेतली आणि रविवारी सकाळी एका वृद्धाश्रमाच्या दारात उभी राहिले. न कळवता. मनात आपलं कौतुक चाललेलं, की किती छान काम करतोय आपण! आतून एक बाई आल्या, डिकीत डोकावल्या आणि अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "ताई, एवढ्या फुलांचं मी करू काय?"

खरंच, काय करणार होत्या? फुलदाण्या नव्हत्या. सुटीचा दिवस, कामाला दोनच माणसं. निशिगंधाचा घमघमाट असा की बंद खोलीत दम्याच्या माणसाचा जीव घाबरावा. वर अर्धी फुलं कालपासून पाण्याविना. म्हणजे मी त्यांना फुलं दिलीच नव्हती. माझा कचरा आणि तो उचलायचं काम, दोन्ही त्यांच्या दारात ठेवून निघाले होते, आणि त्याला नाव दिलं होतं दान. त्या बाईंनी रागावून घालवून दिलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी चहा विचारला.

म्हणून आता पहिला फोन लग्नाच्या पंधरा दिवस आधी. फुलं हवीत का? किती? कोणत्या वेळी? वासाची चालतील का? घ्यायला कोण असेल? समोरचा "नको" म्हणाला तर ते "नको"च. त्यावर आग्रह करायचा नाही. दवाखान्यांबद्दल लोकांना फार उमाळा असतो, पण बहुतेक ठिकाणी अतिदक्षता विभागात फुलं चालत नाहीत. ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे त्यांच्या आसपासही नाही, कारण फुलदाणीतल्या साचलेल्या पाण्यात जंतू भराभर वाढतात. बाकीच्या वॉर्डांचे नियम जागोजागी वेगळे, तेव्हा विचारलेलं बरं. कुणाच्या घरी द्यायची असतील तर मांजर आहे का हेही विचारा. लिलीचं पान, पाकळी, अगदी अंगाला लागलेले परागकण चाटले तरी मांजराची किडनी निकामी होऊ शकते. हे ज्यांना माहीत नसतं त्यांच्याच घरात लिलीचे मोठे गुच्छ ऐटीत उभे असतात.

या बाबतीत मला सगळ्यात आवडलेला माणूस म्हणजे अमेरिकेतल्या नॉक्सव्हिलचा लार्सन जे. २००७ साली तो शिडीवरून पडून जबर जखमी झाला. दवाखान्यातली त्याची खोली भेटीच्या फुलांनी भरून गेली. थोडं हिंडता-फिरता आल्यावर त्याच्या लक्षात आलं, की कित्येक खोल्यांमध्ये एक फूलही नाही. त्यानं आपल्या गुच्छांवरची कार्डं काढली, फुलं व्हीलचेअरवर घेतली आणि खोलीखोलीत वाटली. पुढच्याच वर्षी 'रँडम ॲक्ट्स ऑफ फ्लॉवर्स' ही संस्था त्यातून उभी राहिली. लग्नाकार्यांतून उरलेली फुलं घ्यायची, नव्यानं बांधायची आणि दवाखान्यांत, वृद्धाश्रमांत पोचवायची, हे काम तिनं हाती घेतलं. मला यातली कार्डं काढण्याची गोष्ट फार भावली. घेणाऱ्याला हे दुसऱ्या कुणाचं उरलेलं आहे असं वाटू नये, एवढा विचार आपणही करावा. नवरा-नवरीच्या नावाच्या रिबिनी, आद्याक्षरांचे स्टिकर देण्याआधी काढून टाका. ती त्यांच्या लग्नाची जाहिरात नव्हे.

फुलांनी माणूस खरंच खुलतो का, यावर रटगर्स विद्यापीठाच्या जेनेट हॅविलँड-जोन्स यांचं २००५ सालचं संशोधन नेहमी पुढे केलं जातं. फुलं हातात पडताच लोकांच्या चेहऱ्यावर डोळ्यांपर्यंत पोचणारं हसू उमटलं, असं त्यात दिसलं. या कामामागे फूलविक्रेत्यांच्या संघटनेचं पाठबळ होतं, हेही लक्षात ठेवावं. तरी मी स्वतः जे पाहिलं ते याच्याशी जुळतं, तेव्हा फार चिकित्सा करत नाही.

आता हातानं करायचं काम. इथेच सगळं जमतं किंवा बिघडतं.

पुतणीच्या लग्नात आम्ही सहाजणी होतो. प्रत्येकीकडे कात्री, आणि दारामागे निम्म्या भरलेल्या बादल्या सकाळपासून ठेवलेल्या. (बादल्या घासून घ्या. साबणाचा बुळबुळीतपणा राहिला तरी चालणार नाही.) आधी टेबलांवरची फुलं काढली, कारण ती पाण्यात उभी असतात आणि सगळ्यांत ताजी राहतात. कमानीवरची फुलं त्यानंतर. दोऱ्यात ओवलेल्या माळांच्या नादाला लागलो नाही. त्यांना देठच नसतो, गुच्छ बांधणार कशाचा? त्यांच्या फक्त पाकळ्या कामाच्या.

प्रत्येक देठ खालून एक-दोन सेंटिमीटर तिरका कापायचा आणि लगेच पाण्यात. पाण्याखाली जाणारं पान काढून टाकायचं. ते कुजलं की जंतू वाढतात आणि देठातल्या पाणी ओढणाऱ्या नळ्या बुजवतात. पाणी समोर असून फूल तहानेनं माना टाकतं ते त्यामुळे. गुलाबाच्या बाहेरच्या दोन-तीन काळवंडलेल्या पाकळ्या अलगद काढल्या की आत नवं फूल निघतं. हायड्रेंजियाचा गुच्छ मेल्यासारखा लोंबत असेल तर अख्खं डोकं अर्धा-पाऊण तास पाण्यात बुडवून ठेवा, पुष्कळदा तो उठून बसतो. शेवंती, कार्नेशन आणि ऑर्किड चिवट, त्यांची काळजी नको. रात्री बादल्या थंड, अंधाऱ्या जागी ठेवायच्या आणि जवळ पिकलेली फळं अजिबात नकोत. फळांतून इथिलीन वायू सुटतो, आणि कार्नेशनसारखं फूल त्यानं रातोरात मिटून जातं. सगळंच फ्रिजमध्येही कोंबू नका. गुलाबाला गारवा मानवतो, ऑर्किड आणि अँथुरियम उष्ण प्रदेशातले, ते फार थंडीत काळे पडतात.

सकाळी छोटे गुच्छ बांधायचे. पाच-सहा देठ, फार तर सात. मोठा गुच्छ टेबलावर ऑफिसात ठेवला जातो आणि तिथंच राहतो. लहान गुच्छ एकेका माणसाच्या उशाशी पोचतो. आम्ही तो बाटलीसकट, पाण्यासकट दिला. यावेळी घेणाऱ्यांना काहीच करावं लागलं नाही. एका आजींनी मात्र आमच्या हातातली कात्री काढून घेतली, "असं नाही कापायचं" म्हणत सगळ्या बाटल्या पुन्हा लावल्या, आणि आम्ही शहाण्यासारखं बाजूला उभं राहून पाहिलं.

एक शत्रू मात्र ओळखून ठेवा. फुलं खोचायचा हिरवा स्पंज, फ्लोरल फोम. १९५४ साली अमेरिकेतल्या स्मिदर्स कंपनीनं तो बाजारात आणला. तो फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचा, म्हणजे प्लास्टिकच. मातीत विरघळत नाही, बोटांत चुरला की बारीक कण पाण्यात जातात. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं, म्हणजे तिथल्या बागकामाच्या संस्थेनं, २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत तो बंद केला. आपल्या कामाच्या दृष्टीनंही तो वाईट, कारण त्यातून उपटलेल्या देठाच्या टोकाला भुसा अडकलेला असतो. तो भाग कापून टाकला नाही तर फूल पाणी ओढत नाही. तेव्हा डेकोरेटर ठरवतानाच सांगा: फोम नको. जाळीचा गोळा, पाण्याची भांडी, काहीही चालेल. आणि फुलांवर चमकी, रंगाचा फवारा नको. रंगवलेलं फूल कुठेच जात नाही, ना उशाशी, ना खतात.

त्याच बोलण्यात आणखी एक गोष्ट उरकून घ्या: कार्यक्रम संपल्यावर फुलं कुणाची? भांडी, सांगाडे, कापड भाड्याचं असतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण फुलांचं कुणी विचारत नाही. आम्हाला एकदा रात्री ऐनवेळी ऐकावं लागलं की "फुलं आमची, उद्या दुसरीकडे लागणार आहेत." वाद घालायला कागद नव्हता. एका अर्थी तो माणूस माझंच काम करत होता म्हणा, फुलं पुन्हा वापरणार होता! फक्त पैसे दोघांकडून घेणार होता.

मोठ्या घरची लग्नं यात बरी, तिथे असलं सगळं आधी ठरलेलं असतं. २०१८ मध्ये राजपुत्र हॅरी आणि मेगन यांच्या लग्नातल्या फुलांचे गुच्छ करून लंडनच्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमधल्या, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांना सांभाळणाऱ्या संस्थेतल्या, रुग्णांना दिले गेले. त्याआधी २०११ मध्ये विल्यम आणि केट यांच्या लग्नात वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये मेपल आणि हॉर्नबीमची उंच झाडं कुंड्यांतच उभी केली होती, ती नंतर जमिनीत लावली. ही कल्पना मला दानापेक्षाही आवडते. सजावटीचा चौथा हिस्सा जरी कुंडीतल्या रोपांचा केला, तर रात्री साडेअकराचा प्रश्न तेवढा कमी होतो. जाताना एकेक पाहुणा एकेक कुंडी घेऊन जाईल. नाही नेली तर ती उद्याही जिवंतच असते.

आठवण म्हणून जपायची असतील तर थोडीच घ्या. गुच्छ उलटा टांगून अंधाऱ्या, हवेशीर जागी दोन-तीन आठवडे, बस्स. आकार हुबेहूब हवा असेल तर सिलिका जेलमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांत, पुरून ठेवा, फूल जाड असेल तर आठवडाभर. सपाट फुलं टीपकागदात दाबून जाड पुस्तकाखाली. रेझिनमध्ये फूल ओतून ठेवायची सध्या फॅशन आहे. माझं मत विचाराल तर मला ती आवडत नाही. सडून मातीत जाऊ शकणारी एकमेव गोष्ट आपण प्लास्टिकमध्ये गाडतो. आणि फूल पुरतं वाळलेलं नसेल तर आतल्या आत तपकिरी पडतं ते वेगळंच.

त्यापेक्षा रंग काढा. झेंडूच्या पाकळ्या पाण्यात उकळून गाळल्या की रेशमावर, लोकरीवर सुरेख पिवळा चढतो. कापडाला आधी तुरटीच्या पाण्याची भिजवण द्यायची, नाहीतर रंग धुऊन जातो. त्याच रंगात किंचित लोखंड गेलं की पिवळ्याचा शेवाळी होतो. सुती कापड जरा हट्टी, त्यावर मेहनत जास्त. लाल गुलाबांकडून मात्र लाल रंगाची आशा करू नका. मी दोन किलो पाकळ्या उकळल्या आणि एका पांढऱ्या ओढणीला पावसाळी आभाळाचा राखाडी रंग आला. गुलाबातला लाल आंबटपणाप्रमाणे रंग बदलतो, उन्हात टिकतही नाही. ओढणी मी वापरते, पण त्यामागचं कारण कुणाला सांगत नाही.

गुलाब हाताशी आहेत म्हणून त्यांचं खायचं, प्यायचं किंवा तोंडाला लावायचं काही करायला मात्र जाऊ नका. सजावटीची फुलं खाण्यासाठी पिकवलेली नसतात, त्यांच्यावर फवारण्या भरपूर. बेल्जियममध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गुलाब, जर्बेरा आणि शेवंतीचे ९० गुच्छ तपासले, त्यांत मिळून १०७ कीडनाशक घटक सापडले. ते वाचल्यापासून फुलं निवडताना मी हातमोजे घालते आणि पोरांना पाकळ्यांच्या ढिगात लोळू देत नाही. फोटो छान येतो, कबूल.

आणि जे उरेल ते खतात. यात कमीपणा काही नाही. तारा, टाचण्या, टेप, रिबिनी काढा, देठ बारीक करा आणि एक घमेलं फुलांना दोन-तीन घमेली वाळकी पानं घाला. नुसती फुलं टाकली की चिखल होऊन वास मारतो, आणि मग घरातले म्हणतात, "सांगत होतो ना." वाळकं मिसळा, मधूनमधून हलवा. काही महिन्यांनी हाताला काळी भुसभुशीत माती लागते. हे सगळं करायला जमणारच नसेल, माणसं नसतील, तर सरळ एवढंच करा. बांधायच्या-वाटायच्या फंदात पडून थकू नका.

पुढच्या महिन्यात मैत्रिणीच्या मुलीचं लग्न आहे. एका वृद्धाश्रमाशी बोलणं झालंय, सोमवारी सकाळी दहाला साठ गुच्छ, मंद वासाचे, लिली नाही. डेकोरेटरनं फोम न वापरायचं कबूल केलंय, आम्ही ते लिहूनही घेतलंय. कात्र्या आहेत, बादल्या आहेत, चार माणसं पक्की आहेत, दोघी "बघते" म्हणाल्यात. काचेच्या बाटल्या चाळीस जमल्या, अजून वीस हव्यात. रुंद तोंडाच्या, लेबलं काढलेल्या. झाकणं नकोत. कुणाकडे असतील तर खाली सांगा, मी येऊन घेऊन जाईन.