सोशिक नव्हे, टंकलेखक

आज आईचा स्मृतिदिन. सकाळी घरच्या ग्रुपवर मेसेज पडला, ‘प्रेमळ, सोशिक, कुटुंबवत्सल’. खाली जोडलेल्या हातांची रांग. सरकारी कचेरीत मराठी टंकलेखक म्हणून 31 वर्षं काढली त्या बाईनं. त्याबद्दल एक अक्षर नाही! संताप आलाय, म्हणून लिहितेय.

1964 साली राजभाषा अधिनियम झाला, कारभार मराठीत करायचं ठरलं. ठरवणाऱ्यांची नावं सगळ्यांना पाठ. तो कारभार कागदावर उमटवला कुणी? टंकलेखनाची मिनिटाला 30 आणि 40 शब्दांची परीक्षा पास होऊन आलेल्या अशा बायकांनी. (पुरुषही होते. बरं, मान्य.)

‘टायपिंगच तर होतं’ म्हणणाऱ्यांनी एक स्टेन्सिल कापून दाखवावं, म्हणजे प्रती काढायच्या मेणकागदावर टाइप करून. अक्षर जिथे कापलं जातं तिथून छापताना शाई उतरते. आधी रिबिनीचा खटका पांढऱ्या खुणेवर, म्हणजे रिबीन मधे येत नाही आणि खिळा (अक्षराचा धातूचा ठसा) थेट मेणकागदावर बसतो. प्रत्येक बोटाचा जोर सारखा हवा. करंगळी हलकी पडली तर अक्षर पुसट. जोर जास्त झाला तर ‘व’, ‘ब’, ‘ध’ यांच्या पोटातला तुकडाच निखळतो आणि छापताना तिथे शाईचा ठिपका येतो. पानापानाला ब्रशनं खिळे साफ करायचे, कारण त्यांत मेण भरतं. वर मराठीची कसरत वेगळीच! काही मात्रांच्या कळांना कॅरेज (कागद धरून पुढे सरकणारा भाग) सरकतच नाही, म्हणून मात्रा आधी आणि अक्षर नंतर. अर्धा ‘ख’ मारून काना दिला की पुरा ‘ख’. हे मिनिटाला चाळीस शब्दांच्या वेगानं.

एकदा साहेबांनी कापून झालेल्या स्टेन्सिलमधली अख्खी ओळ बदलली. दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक. एक अक्षर चुकलं तर सोपं असतं: काचेच्या कांडीनं ती जागा हलकेच घासायची, करेक्शन फ्लुइडचा पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा मारायचं. घाई केली की ओल्या थरात खिळा रुततो. पण ओळ बदलायची म्हणजे नवं स्टेन्सिल. आईनं ती ओळ ब्लेडनं कापून काढली. दुसऱ्या स्टेन्सिलवर नवी ओळ मारली, चारी बाजूंनी थोडी जास्त ठेवून कापली आणि कडांना फ्लुइड लावून त्या खिडकीवर बसवली. कडा कुठे उघडी राहिली असती तर प्रत्येक प्रतीवर काळी रेघ आली असती. दोनशे प्रती निघाल्या. एकीवरही रेघ नाही.

याला सोशिकपणा म्हणतात? हे कसब आहे.

ती प्रेमळ होती, नाही कोण म्हणतंय? पण प्रेमळ प्रत्येकाचीच आई असते. दोनशे प्रतींवर रेघ येऊ न देणारी माझी होती.

बरं, चिडून काय होणार. ज्यांची आई समोर आहे त्यांनी या रविवारी एवढं करा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मधेच कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटतं. पंखा, टीव्ही बंद. वडिलांना बाहेर पाठवा, ते तिच्या वतीनं उत्तरं देतात. ‘तुझ्या नोकरीबद्दल सांग’ म्हणू नका, ‘साधीच होती गं’ एवढंच ऐकू येईल. मशीनचं काय बिघडायचं, चूक कशी लपवायचीस, असं विचारा. शक्य असेल तर तिच्या कामातली वस्तू हातात द्या. बोटं सुरू झाली की तोंड सुरू होतं. अर्धा-पाऊण तास पुरे, मग आवाज थकतो. फोटोतल्या माणसांची नावं डावीकडून उजवीकडे विचारून मागे मऊ पेन्सिलीनं लिहा, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. सेवापुस्तकाची (सरकारी नोकरीच्या नोंदवहीची) दुय्यम प्रत रद्दीत देऊ नका, बदल्या-बढत्यांच्या तारखा त्यातच असतात.

स्टेन्सिलची ती गोष्ट आईनं एकदाच सांगितली, तीही करंगळी दुखते का विचारलं म्हणून. त्या साहेबांचं बैठकीत कौतुक झालं होतं, हेही तिनंच सांगितलं. अजिबात न रागावता.

ग्रुपवर आता नवा मेसेज टाकलाय: ‘मराठी टंकलेखक, 31 वर्षं सेवा. वेग 40. स्टेन्सिलला जोडलेलं ठिगळ ओळखू यायचं नाही.’