ट्रकची उंची केबिनमधून दिसत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘जुना ट्रकमालक’ या नावानं तुम्ही माझ्या मागच्या लेखावर प्रतिक्रिया लिहिलीत. रागावून लिहिलीत, पण मुद्देसूद लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देते आहे. ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : ब्रिटनमध्ये रेल्वेच्या ठेंगण्या पुलांना गाड्या धडकण्याचे प्रकार वर्षाला दीड हजारांच्या आसपास घडतात. त्याचं खापर एकट्या ड्रायव्हरवर फोडलं तर ते थांबणार नाहीत, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की पुलावर लाल चौकटीत उंची लिहिलेली असते, ती वाचायची आणि थांबायचं, यात अवघड काय आहे? ज्याला तेवढंही जमत नाही त्याचं लायसन्स काढून घ्या. तीस वर्षं तुमच्या गाड्या सांगलीपासून नागपूरपर्यंत कडबा, साखर, कापूस घेऊन फिरल्या, एकदाही पुलाला लागल्या नाहीत, कारण मुरलेल्या ड्रायव्हरला ते नजरेनंच कळतं. आणि मी गोदामाच्या ऑफिसात बसून ड्रायव्हरांची वकिली करते.

वकिली करते, हे खरं आहे. ब्रिटनच्या लेस्टरशर परगण्यातल्या एका गोदामात कुठला ट्रेलर कोण नेणार आणि कुठल्या वाटेनं नेणार, हे ठरवणं माझं काम आहे. ज्या माणसाला मी वाट आखून देते, त्याच्या वाटेत काय वाढून ठेवलं आहे याची जबाबदारी मला माझी वाटते.

आधी नजरेचा मुद्दा घेते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. मोठ्या ट्रकच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे रस्त्यापासून साधारण अडीच मीटरवर असतात. त्याच्या मागे जोडलेला ट्रेलर चार, साडेचार, कधी जवळजवळ पाच मीटर उंच असतो. त्या ट्रेलरचं छत त्याला कुठूनही दिसत नाही. आरशात बाजू दिसते, मागची चाकं दिसतात, छत नाही. म्हणजे पूल समोर आला की त्याला दिसणाऱ्या वस्तूची तुलना न दिसणाऱ्या वस्तूशी करावी लागते. तेव्हा माणूस नजरेवर चालत नाही, आठवणीवर चालतो. काल याच पुलाखालून गेलो होतो, आजही जाईन.

तुमच्या ड्रायव्हरांची ही आठवण पक्की होती, कारण गाडी तीच होती. एकच माणूस एकच ट्रक वर्षानुवर्षं चालवायचा. शिवाय आपल्याकडे मालट्रकच्या उंचीला ३.८ मीटरची मर्यादा होती, ती २०२० मध्ये ४ मीटर झाली. ब्रिटनमध्ये मालट्रकच्या उंचीला अशी सरसकट कायदेशीर मर्यादाच नाही. इथं ट्रकचा इंजिन आणि केबिन असलेला पुढचा भाग, ज्याला आपल्याकडे घोडा म्हणतात, तो सकाळी एका ट्रेलरला जुंपतात आणि दुपारी दुसऱ्याला. सकाळचा सव्वाचार मीटरचा, दुपारचा दुमजली, ४.९ मीटरचा. घोडा तोच, स्टिअरिंग तेच, समोरचा रस्ताही तोच. बदललेली एकमेव गोष्ट त्याच्या पाठीमागे असते. पोलंड-रोमानियाकडून येणाऱ्या ड्रायव्हरांची अडचण आणखी वेगळी. युरोपात बहुतेक ठिकाणी ४ मीटरची मर्यादा असते, त्यामुळे त्यांना या प्रश्नाचा रोज विचार करायची सवयच नसते.

न्हावाशेव्यात कंटेनर भरणाऱ्यांना हे लगेच पटेल. साधा कंटेनर ८ फूट ६ इंच उंच, हाय-क्यूब ९ फूट ६ इंच. दोन्ही रंगानं, लांबीनं, रुंदीनं सारखे. म्हणून तर हाय-क्यूबच्या वरच्या कोपऱ्यांवर पिवळेकाळे पट्टे ओढलेले असतात आणि बाजूला उंची लिहिलेली असते. नजरेनं कळत असतं तर या रंगकामाची कुणाला गरज पडली असती?

आता तुमच्याच प्रतिक्रियेतलं एक वाक्य घेते. तुम्ही लिहिलंत की कडब्याची गाडी असली आणि वाटेत पूल किंवा तारा आल्या की क्लीनर खाली उतरायचा, पुढं जाऊन वर बघायचा आणि हात करायचा, मगच गाडी हलायची. माझ्या मते तुमच्या गाड्या कधी लागल्या नाहीत त्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे. तुमच्या ड्रायव्हरच्या कौशल्याबद्दल मला शंका नाही. पण पुलाचा तळ आणि भरलेल्या मालाचा माथा एकाच वेळी बघणारा माणूस गाडीच्या बाहेर, जमिनीवर उभा होता. ब्रिटनमधल्या ट्रकमध्ये क्लीनर नसतो. ड्रायव्हर एकटा असतो, आणि मागे गाड्यांची रांग असताना मधेच थांबून, उतरून, वर बघून परत चढणं त्याला जवळजवळ अशक्य असतं. तुम्ही ज्या व्यवस्थेमुळे सुरक्षित राहिलात ती त्याच्याकडे नाही, आणि तरी तुम्ही त्याला तुमच्या मापानं मोजता आहात. हे मला अन्यायाचं वाटतं.

एकाच गाडीची उंचीही दिवसभर तीच राहत नाही. भरलेला ट्रक स्प्रिंगवर दबतो आणि रिकामा झाला की वर उठतो. जाताना भरलेली गाडी ज्या पुलाखालून काठावर निघून गेली, तीच परत येताना रिकामी अडकू शकते. एअर सस्पेन्शनच्या, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर तोललेल्या गाड्यांत तर ड्रायव्हर बटणानं ट्रेलर वर-खाली करतो, कारण गोदामाच्या धक्क्याला तो नीट लागायला हवा. निघताना तो परत ठरलेल्या उंचीवर आणायचा राहिला तर गाडी काही इंच उंच होऊनच रस्त्याला लागते.

मग रस्त्याचा खळगा. जुन्या रेल्वेपुलांखाली बऱ्याचदा रस्ता खाली उतरतो आणि पुढं पुन्हा चढतो. खोलगट ताटावर पट्टी आडवी ठेवली तर ती काठांवर टेकते आणि मधे खाली पोकळी राहते. लांब ट्रेलरचं तसंच होतं. पुढची चाकं चढावर, मागची उतारावर, आणि मधलं छत पुलाच्या तळाकडे उचललेलं. कार सुखरूप जाते, आखूड ट्रक जातो, लांब ट्रेलर घासतो. याखेरीज कमानीचे पूल. कमान मध्यभागी उंच असते आणि बाजूंना उतरत जाते, त्यामुळे पाटीवरची उंची फक्त मधल्या पट्ट्यापुरती खरी. ब्रिटनमध्ये अशा कमानींवर आणि रस्त्यावर पांढऱ्या रेषा मारून मधला पट्टा दाखवतात. समोरून वाहन आलं म्हणून ड्रायव्हरनं सौजन्यानं कडेला घेतलं, तर त्याच्या ट्रेलरचा वरचा कोपरा कमानीत शिरतो.

पाटीबद्दलही बोलू. ‘वाचायची आणि थांबायचं’ हे तुमचं वाक्य बरोबर आहे, पण त्यासाठी दोन आकडे लागतात, पुलाचा आणि गाडीचा. पाटी पहिला आकडा देते. दुसरा केबिनमध्ये डोळ्यांसमोर नसेल तर पहिल्याचा काही उपयोग नाही. म्हणूनच ब्रिटनच्या १९८६ च्या नियमांत ३ मीटरपेक्षा उंच गाडीच्या केबिनमध्ये तिची उंची ठळक लिहिलेली असावी अशी सक्ती आहे. ही उंची फुटा-इंचांत लिहावी लागते. युरोपातला ड्रायव्हर मीटरमध्ये विचार करतो. पुलांच्या नव्या पाट्यांवर २०१५ पासून दोन्ही आकडे असतात, जुन्या कितीतरी पाट्यांवर फक्त फूट आणि इंच.

आणि पाटी मुद्दाम थोडी कमी सांगते. ब्रिटनमध्ये प्रत्यक्ष मोकळ्या उंचीपेक्षा निदान तीन इंच कमी लिहितात. हेतू चांगला आहे. रस्त्यावर डांबराचा नवा थर पडतो, गाडी उसळते, ती जागा त्यासाठी राखलेली. पण ड्रायव्हर हे शिकतात. एकदा पाटीपेक्षा दोन इंच जास्त उंचीची गाडी सुखरूप निघाली की पुढच्या वेळी पाटीवरचा विश्वास तेवढा कमी होतो. इथं मात्र मी तुमच्या बाजूची आहे. पाटी कळूनही जो ‘निघेल’ म्हणून गाडी घालतो, त्याच्यावर कारवाई व्हायलाच हवी.

पण सगळे तसे असते तर धडका सगळ्या पुलांवर सारख्या वाटल्या गेल्या असत्या. तसं होत नाही. तेच ते पूल पुन्हा पुन्हा यादीत येतात. हिंक्लेजवळ ए-५ महामार्गावरचा वॉटलिंग स्ट्रीटचा पूल आमच्या भागातला, त्यांपैकी एक. केंब्रिजशरमधल्या ईली गावातला स्टंटनी रोडचा पूल दुसरा, उंची फक्त ९ फूट. तिथं पुलाशेजारीच रेल्वेचं फाटक होतं. उंच गाड्यांनी फाटकातून जायचं, ठेंगण्यांनी पुलाखालून. फाटक बंद असलं की रांग लागायची आणि घाईतल्या व्हॅनवाल्यासमोर पुलाखालचा मोकळा रस्ता असायचा. २०१८ मध्ये गावाबाहेरून नवा रस्ता झाला, तरी धडका पूर्ण थांबल्या नाहीत. वेगवेगळ्या गावांची, वेगवेगळ्या वयाची, एकमेकांना न ओळखणारी माणसं एकाच जागी तीच चूक करतात, तेव्हा मी आधी त्या जागेकडे बघते.

अमेरिकेतल्या डरहॅम शहराचा पूल तुम्ही व्हिडिओंत पाहिला असेल, छत सोलून निघणाऱ्या ट्रकांचा. १९४० चा रेल्वेपूल, पाटी ११ फूट ८ इंचांची. समोरच्या इमारतीत काम करणाऱ्या युर्गन हेन यांनी २००८ पासून तिथं कॅमेरे लावले, म्हणून तो जगभर माहीत झाला. तिथं काय केलं नाही? लांबूनच इशारे देणाऱ्या पाट्या लावल्या, उंच गाडी ओळखणारा सेन्सर बसवला, तो लागला की सिग्नल लाल होतो आणि ‘गाडी उंच आहे, वळा’ असं पाटीवर उजळतं. तरी ट्रक धडकतच राहिले. रस्ता खाली घेता येत नव्हता, कारण खालून जुनी मोठी मलवाहिनी जाते. शेवटी २०१९ मध्ये पूलच ८ इंच उचलला. त्यानंतर धडका कमी झाल्या, तरी पूर्ण थांबल्या नाहीत. तिथं अडकणाऱ्यांत भाड्यानं घेतलेले ट्रक बरेच असतात, घर हलवायला एका दिवसापुरता ट्रक घेतलेली माणसं. रोज कार चालवणाऱ्या माणसाच्या डोक्यात उंची नावाचा विचारच नसतो. त्या व्हिडिओंखाली हसणाऱ्यांची गर्दी असते. मला ते बघवत नाही, कारण १९९४ मध्ये ग्लासगोच्या वेस्ट स्ट्रीटवर रेल्वेपुलाला दुमजली बस धडकली तेव्हा ५ जण गेले आणि त्यांत ३ लहान मुली होत्या, वरच्या मजल्यावर बसलेल्या.

४३ टक्क्यांच्या आकड्याकडे येते. ब्रिटनमधले रूळ आणि रेल्वेपूल सांभाळणाऱ्या नेटवर्क रेल या संस्थेच्या पाहणीत ४३ टक्के ट्रकड्रायव्हरांनी निघण्याआधी गाडीची उंची मोजत नसल्याचं सांगितलं होतं आणि ५२ टक्क्यांनी ठेंगण्या पुलांचा विचार करत नसल्याचं. तो मीच लेखात दिला होता आणि तुम्ही तो बेफिकिरीचा पुरावा म्हणून माझ्यावर उलटवलात. पण ड्रायव्हर उंची मोजणार कसा, हेही बघा. पहाटे चार वाजता, अंधाऱ्या आवारात, दुसऱ्यानं भरलेला आणि सील केलेला ट्रेलर त्याला मिळतो. त्याची उंची मोजायला पाच मीटरची काठी लागते, सपाट जमीन लागते, सस्पेन्शन ठरलेल्या उंचीवर असावं लागतं आणि माप केबिनच्या छताचं नाही, सगळ्यात उंच भागाचं घ्यावं लागतं. काठी कुणी ठेवायची? मोजायची दहा मिनिटं कुणाच्या खात्यावर? ही कामं मालकाची आणि माझ्यासारख्या ऑफिसातल्यांची आहेत. इथला कायदाही तेच मानतो. पुलाला धडक बसली की ट्रॅफिक कमिशनर, म्हणजे मालवाहतुकीचे परवाने देणारा अधिकारी, ड्रायव्हरला बोलावू शकतो आणि मालकालाही, आणि मालकाचा गाड्या चालवण्याचा परवानाही अडचणीत येऊ शकतो.

मोबाइलमुळे ड्रायव्हर बिघडले, असंही तुम्ही म्हणता. कारसाठी बनवलेल्या नकाशाला पुलांच्या उंचीशी देणंघेणं नसतं, हे खरं. ट्रकसाठीचे वेगळे नॅव्हिगेटर मिळतात, ते ठेंगणे पूल टाळतात, पण गाडीची खरी उंची आधी त्यात भरली तरच. पुन्हा तोच आकडा.

आपल्याकडेही हा प्रश्न वाढणार आहे. फाटकं बंद करून रेल्वे रुळांखालून कमी उंचीचे भुयारी रस्ते करते आहे. विजेच्या तारांखालच्या फाटकांवर हाइट गेजची कमान असते, साधारण पावणेपाच मीटरवर, आणि कापसाची फुगवून भरलेली गाडी तिथं अडली तर निदान तारेपर्यंत पोचत नाही. प्रत्येक भुयारी रस्त्याच्या बऱ्याच आधी, जिथून गाडी वळवता येईल अशा जागी, तशीच कमान हवी. पुलाला चिकटून लावलेल्या कमानीशी अडकलेला ट्रक मागं घेणार कुठं?

तुमचा शेवटचा प्रश्न होता : ‘उद्या तुमच्याच गोदामातला ट्रक पुलाला धडकला तर ड्रायव्हरला घरी पाठवाल की नाही?’ आधी रेल्वेला कळवायला सांगेन. इथल्या रेल्वेपुलांवर फोन नंबर आणि पुलाचा क्रमांक लिहिलेली पाटी असते, आणि पूल तपासून होईपर्यंत वरून गाडी जाऊ देणं धोक्याचं. मग केबिनमधला उंचीचा आकडा बघेन आणि ट्रेलर मोजून घेईन. आकडा बरोबर असेल, वाट मी दिलेलीच असेल आणि तो ती सोडून गेला असेल, तर त्याला जाब विचारला जाईल. आकडा चुकीचा असेल किंवा लिहिलेलाच नसेल, तर त्या दिवशी ट्रेलर कुणी लावून दिला आणि कागदावर सही कुणाची आहे, इथून चौकशी सुरू होईल. ती सही बहुतेक दिवशी माझी असते.