संस्कृतला ‘जागतिक भाषा’ कोणी केलं? ठराव दाखवा की

काल सकाळी मावशीचा मेसेज आला. मावशी म्हणजे जन्मभर शाळेत संस्कृत शिकवून रिटायर झालेली बाई, ‘देवः देवौ देवाः’ तिनेच माझ्याकडून घोकून घेतलंय. मेसेज असा: “अभिनंदन!! युनोने संस्कृतला अधिकृत जागतिक भाषा म्हणून मान्यता दिली. मीडिया हे दाखवणार नाही. प्रत्येक भारतीयापर्यंत पोचवा.” खाली नासाने म्हणे संस्कृतला कॉम्प्युटरची भाषा ठरवलंय, मग संस्कृत सगळ्या भाषांची जननी, आणि शेवटी संस्कृत बोला शुगर पळवा. वर मावशीचा प्रश्न, रविवारी जुन्या विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमात वाचून दाखवू का? नाहीतर असले फॉरवर्ड मी न उघडताच उडवतो, पण आता लिहिणं भाग आहे.

पहिलं म्हणजे ‘जागतिक भाषा’ नावाचं सर्टिफिकेट युनोकडे नाहीच, मग ते दिलं कुठून? युनोत असतात त्या अधिकृत भाषा, आणि त्या सहा आहेत: अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश. आमसभेच्या कामकाजाच्या नियमांत ५१ नंबरचा नियम आहे त्यात ही नावं सरळ लिहिलीत, कोणीही उघडून बघावं. पाच पहिल्यापासून होत्या, अरबी १९७३ साली आली, त्यानंतर एकही नाही. हिंदीसाठी आपलं सरकार इतकी वर्षं मागे लागलंय तरी हिंदी त्यात नाही, आणि संस्कृत गुपचूप आत गेली आणि कोणाला पत्ताच नाही? अरे, युनोने खरंच काही केलं की त्याला नंबर असतो, तारीख असते. योग दिवसाचं घ्या. ११ डिसेंबर २०१४, ठराव ६९/१३१, १७७ देश सहप्रायोजक, आणि मीडियाने ते दाखवलं, चांगलं आठवडाभर दाखवलं. या मेसेजमध्ये नंबर नाही, तारीख नाही, वर्षसुद्धा नाही, म्हणजे दरवर्षी नव्याने अभिनंदन करायची सोय.

बरं, ज्या भाषेला जगाची म्हणताय ती २०११ च्या जनगणनेत २४,८२१ लोकांनी मातृभाषा म्हणून लिहिली, अख्ख्या भारतात. आपल्याकडे दहावीला संस्कृत कशाला घेतात ते मी सांगायला नको, स्कोरिंग आहे म्हणून. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव पडतात आणि अकरावीत पुस्तक रद्दीत. तेच लोक पुढे हा मेसेज फिरवतात.

नासाचं मात्र थोडं मान्य करावं लागेल, नाइलाजाने. रिक ब्रिग्ज नावाचा संशोधक नासाच्या एम्स केंद्रातल्या एका संस्थेत होता आणि त्याने १९८५ मध्ये एआय मॅगझीनमध्ये संस्कृत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर लेख लिहिला, हे खरंय. पण लेख वाचला तर कळतं की तो बोलतोय आपल्या वैयाकरणांच्या वाक्य फोडून अर्थ सांगायच्या पद्धतीबद्दल, कर्ता कोण, कर्म काय, क्रिया कशी, आणि ती पद्धत तेव्हाच्या कॉम्प्युटरवाल्यांच्या अर्थजाळ्यांशी, म्हणजे शब्दांना नात्यांनी जोडून अर्थ मांडायच्या पद्धतीशी, किती जुळते याबद्दल. नासाने घोषणा केली, नासाचे प्रोग्राम संस्कृतात लिहितात, असलं काही त्यात नाही. एका माणसाचा एक लेख, त्याला चाळीस वर्षं झाली, आणि आपण अजून त्याच्यावरच दिवाळी करतोय. पाणिनीने जवळजवळ चार हजार सूत्रांत भाषा बसवली हे स्वतःच एवढं मोठं आहे की त्याला नासाचा शिक्का कशाला लागतो?

जननीबद्दल एकच. मेसेजमध्ये विल्यम जोन्सची, म्हणजे कलकत्त्यात न्यायाधीश असलेल्या, संस्कृत शिकलेल्या इंग्रजाची, साक्ष काढलीय. त्याने १७८६ मध्ये संस्कृतचं कौतुक केलं ते खरं, पण त्याच वाक्यात पुढे तो म्हणतो की संस्कृत, ग्रीक, लॅटिन या तिघी एका मुळातून आल्या असाव्यात आणि ते मूळ कदाचित आता उरलेलं नाही. म्हणजे बहिणी, आई नव्हे. अर्धं वाक्य सोयीने कापलंय. तमिळ तर त्या घराण्यातलीच नाही.

आणि शुगर. हा शोध डिसेंबर २०१९ मध्ये एका खासदारांनी लोकसभेतसुद्धा सांगितला होता, कुठल्याशा अमेरिकी संस्थेच्या हवाल्याने. सभागृहात म्हटलं म्हणून ते औषध होत नाही. मावशीला स्वतःला डायबेटिस आहे, आणि “गोळी अर्धी करून बघू का गं” असं तिने माझ्या आईला विचारलं, खरं म्हणजे तिथे माझं डोकं फिरलं. भाषेचा अभिमान ठेवा हो, पण कोणाच्या गोळ्यांना हात लावू नका.

मावशीला मी उलटा मेसेज पाठवलाय. पुण्यात भांडारकर संस्थेत ऋग्वेदाची ३० हस्तलिखितं आहेत, २००७ मध्ये युनेस्कोने ती जागतिक स्मृती नोंदवहीत घेतली, रविवारी हे वाच. तिचं उत्तर आलं, “हे कोणी फॉरवर्ड का केलं नाही मग?”