मोबाईलच्या बॅटरीला सुरी लावू नका

रविवारी मावशीचा फोन आला. "अगं, तुझ्याच विषयातलं आहे ना हे? आपला धाकटा करून बघतोय." पाठोपाठ तिनं फॉरवर्ड पाठवला. जुन्या मोबाईलच्या बॅटऱ्या उघडा, आतली काळी पूड खरवडा, थिनरमध्ये कालवा, स्वयंपाकघरातल्या फॉइलवर स्प्रे करा. झाली थिन फिल्म सॉलिड-स्टेट लिथियम बॅटरी, म्हणजे आत द्रव नसलेली, घन पदार्थांच्या अतिपातळ थरांची बॅटरी! ती कधी पेटत नाही, तिच्यावर चालणारी स्कूटर मिनिटात चार्ज होते, आणि कंपन्यांनी हे तंत्र तीस वर्षं दाबून ठेवलंय.

व्हिडिओ कॉल केला तर धाकट्यापुढे बुटांचं खोकं. त्यात दुरुस्तीच्या दुकानातून आणलेल्या चार बॅटऱ्या, एक पुरीसारखी टम्म फुगलेली. शेजारी भाजी चिरायची सुरी. माझ्या पोटात गोळा आला.

म्हणून आधी हेच. बॅटरीत सुरी घुसली की आतले दोन्ही इलेक्ट्रोड (धन आणि ऋण बाजूंचे थर) एकमेकांना टेकतात, शॉर्ट होतं आणि आतला ज्वालाग्राही द्रव पेट घेऊ शकतो. त्या द्रवात लिथियमचं जे क्षार असतं, त्याला हवेतली ओल लागली तरी हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं. ते कातडी आणि फुप्फुसं जाळतं. "बॅटरी डेड आहे" म्हणून काही होणार नाही, असं समजू नका. मोबाईल सुरू होत नसला तरी आत चार्ज उरलेला असू शकतो.

आणि एवढा जीव धोक्यात घालून हाती येणार ते थिन फिल्म नव्हेच. मी हे थर रोज बनवते. व्हॅक्यूम चेंबरमध्ये लिथियम कोबाल्ट ऑक्साइडच्या चकतीवर आयनांचा मारा करून कण उडवायचे आणि ते समोरच्या पट्टीवर बसू द्यायचे, याला स्पटरिंग म्हणतात. त्यावर लिपॉन नावाचा घन इलेक्ट्रोलाइट (ज्यातून लिथियमचे आयन ये-जा करतात तो थर), तोही नायट्रोजनच्या जांभळट उजेडात असाच बसवायचा. त्याचा एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) थर चढायला आमच्या यंत्राला अख्खी रात्र लागते, आणि धुळीचा एक कण मध्ये आला तरी सेल शॉर्ट. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा, म्हणजे कॅथोडचा (धन बाजूचा) थर नीट स्फटिकरूप व्हायला तो साधारण 700 अंश सेल्सिअसला भाजावा लागतो. फॉरवर्डमधलं ॲल्युमिनियम फॉइल 660 अंशांनाच वितळतं! खरवडलेल्या पुडीत तर कार्बन आणि चिकटवणारं प्लास्टिक मिसळलेलं असतं. ती फवारली तर काळा रंग दिल्यासारखं होईल, बाकी काही नाही.

'दाबून ठेवलं' हे तर धादांत खोटं. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत जॉन बेट्स आणि सहकाऱ्यांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला लिपॉन बनवलं आणि सगळं उघडपणे छापलं. त्यांचा 2000 सालचा 'सॉलिड स्टेट आयॉनिक्स' या शोधपत्रिकेतला लेख आजही कुणीही वाचावा. अशा बॅटऱ्या पुढे बाजारातही आल्या. एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सची एनफिल्म साधारण एक इंच चौरस, क्षमता 0.7 मिलिअँपिअर-तास. मोबाईलला लागतात 5000.

हा आकडा एवढा लहान का, ते गणितच सांगतं. या कॅथोडचा एक मायक्रॉन जाडीचा थर चौरस सेंटिमीटरला जेमतेम 0.069 मिलिअँपिअर-तास देतो. चार मायक्रॉनचा थर धरला, तर एका मोबाईलसाठी घराच्या दाराएवढा पत्रा लागेल. तीन युनिट वीज साठवणाऱ्या स्कूटरच्या बॅटरीसाठी सुमारे तीन हजार चौरस फूट. ती एका मिनिटात चार्ज करायची तर 180 किलोवॅट हवेत. घरातलं 16 अँपिअरचं सॉकेट चारसुद्धा देत नाही.

एक मात्र मान्य करते. लिपॉनच्या सेलमध्ये पेटणारा द्रव नसतो आणि प्रयोगशाळेत असे सेल दहा हजार वेळा चार्ज होऊनही टिकलेत. पण त्यांतही लिथियम धातू असतो, आणि तो पेटतो. 'कधीच पेटत नाही' म्हणायची सोय तिथंही नाही.

धाकटा आधी रुसला, मग त्यानं फॉइलचं गणित स्वतः करून पाहिलं. फुगलेली बॅटरी कोरड्या वाळूच्या डब्यात घालून गच्चीवर ठेवायला लावली आहे. चारही बॅटऱ्या सोमवारी मावशी ई-कचरा केंद्रात देणार आहे.