आठ सेकंदांचा कामधंदा

परवा एका दिवसभराच्या कार्यक्रमाचे फोटो कार्डावरून उतरवून घेताना मी सहज हिशेब केला. एकूण २,००० फोटो, बहुतेक सगळे १/२५० सेकंदाला काढलेले. म्हणजे ज्याला खऱ्या अर्थाने फोटो काढणे म्हणतात, ते काम त्या दिवशी मी अवघे आठ सेकंद केले होते. हा आकडा मी घरात बोलून दाखवायला नको होता. आईने लगेच, "मग उरलेला दिवस काय करतोस?" असे विचारले, आणि स्वतंत्र छायाचित्रकार म्हणवून घेणाऱ्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर एका दमात देता येत नाही.

उरलेल्या दिवसात बॅटऱ्या चार्ज करायच्या असतात, कार्ड पुसण्याआधी सगळे फोटो दोन निरनिराळ्या डिस्कवर ठेवायचे असतात, मिटलेल्या डोळ्यांची आणि अर्धवट शिंकांची छायाचित्रे वगळून चारशे निवडायची असतात, आणि जुन्या बिलाची आठवण इतक्या गोड शब्दांत करून द्यायची असते की आपणच पैसे देणे लागतो असे वाटावे. पण हे सगळे परवडले. खरा जीव जातो तो फोटो लोकांसमोर मांडताना, कारण हल्ली काम मिळते ते फोनवर दिसणाऱ्या फोटोंवरून, आणि तिथे नुसता फोटो चालत नाही, त्याच्याखाली चार ओळी लागतात.

त्याआधी आकाराचे दुखणे आहेच. इन्स्टाग्राम २०१० मध्ये आले तेव्हा तिथे फक्त चौरस फोटो चालत. २०१५ मध्ये आडवे आणि उभेही चालू लागले, तेव्हा आमच्या जमातीला हायसे वाटले. मात्र फोन उभा धरायचा असतो हे आम्ही विसरलो होतो. उभ्या पडद्यावर आडवा फोटो म्हणजे दाराला लावलेली पट्टी. माझा कॅमेरा ६,००० गुणिले ४,००० म्हणजे २.४ कोटी पिक्सेलचा फोटो काढतो. तोच १,०८० गुणिले ७२० असा लहान करून पाठवला की आठ लाखांहूनही कमी उरतात, म्हणजे जेमतेम शेकडा तीन. बाकीचे सत्त्याण्णव टक्के डिस्कवर सुखाने नांदतात आणि मी त्यांच्यासाठी नवी डिस्क विकत घेतो.

तर गेल्या महिन्यात, कोणाचेही बिल न फाडता, केवळ हौसेखातर मी तीन पहाटे एका पाणवठ्याकाठी काढल्या आणि तिसऱ्या दिवशी उडण्याच्या बेतात असलेला एक पांढराशुभ्र बगळा टिपला. घरी येऊन तो फोटो २०० टक्के मोठा करून आकाशातला धुळीचा एकेक ठिपका पुसला. मग मजकूर लिहायला बसलो. "प्रतीक्षा" असे लिहिले, ते फार कवितेसारखे झाले म्हणून खोडले. "तीन पहाटेंचे फळ" हे रडगाणे वाटले. "तुम्ही कधी कशाची वाट पाहिली आहे का?" असे विचारले की लोक बोलते होतात, असे जाणकार सांगतात, पण बगळ्याच्या आडून लोकांच्या खाजगी आयुष्यात डोकावणे मला जमेना. नमनालाच घडाभर तेल गेले. दीड तासाने मी "गायबगळा, पहाटे" एवढेच लिहून झोपलो.

सकाळी पाहतो तो चाळीस प्रतिक्रिया! इतरवेळी माझ्या फोटोखाली "छान", "कॅमेरा कोणता?" आणि एका मावशींचा जोडलेल्या हातांचा इमोजी, एवढाच ऐवज असतो. यावेळी पहिलेच वाक्य एका अनोळखी गृहस्थांचे होते: "चोच पाहा. काळी आहे. पायाची बोटे पिवळी आहेत. हा लहान बगळा आहे, गायबगळा नव्हे." ज्या फोटोतले धुळीचे ठिपके मी मोजून पुसले होते, त्यातली पिवळीधमक बोटे मला दिसली नव्हती. त्याखाली कोणी गृहस्थांच्या बाजूने, कोणी विनाकारण माझ्या बाजूने, अशी जुंपली होती, आणि त्या भांडणात दोघांनी माझे दरही विचारले होते.

आता माणसाचे मन कुठे धाव घेते पाहा. मागच्या आठवड्यात पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा मिळाला, तेव्हा मी त्याच्याखाली शांतपणे "बदक" असे लिहिले. बोट पाठवण्याच्या बटणावर होते. पण ते गृहस्थ चष्मा पुसून सरसावून बसल्याचे चित्र डोळ्यांसमोर आले आणि मला ओशाळल्यासारखे झाले; बदक खोडून मी "पाणकावळा" लिहिले आणि पाठवून दिले.

दिवसभरात एकच प्रतिक्रिया आली. त्याच गृहस्थांची. "बरोबर."

त्यांना काय उत्तर द्यावे, याचा मसुदा कालपासून चालू आहे.