फोडणी आणि भोंगा

अमेरिकेतल्या जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअर स्थानकापासून सात-आठ मिनिटांच्या चालीवर आम्ही ज्या घरात भाड्याने राहतो, तशा घराला इकडे ‘टू-फॅमिली’ म्हणतात. लाकडी सांगाड्याचे एकच दुमजली घर आणि रस्त्यावरून चढून येणाऱ्या पायऱ्याही एकच. मात्र दारे दोन, टपालपेट्या दोन, विजेचे मीटर दोन आणि कुटुंबे दोन. खाली घरमालकीणबाई राहतात, वर आम्ही. घर शंभरीच्या आसपासचे आहे, परंतु दोन वर्षांपूर्वी त्याचे नूतनीकरण झाले आणि अशा घराच्या जाहिरातीत जे जे असावे लागते ते सारे त्यात आले: लाकडासारखी दिसणारी पण लाकूड नसलेली राखाडी जमीन, छतात बुडवलेले दिवे, पांढराशुभ्र क्वार्ट्झचा ओटा आणि ‘ओपन किचन’. माझी तक्रार आहे ती या शेवटच्या गोष्टीविषयी.

ओपन किचन म्हणजे स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यामधली भिंत पाडून टाकणे. भिंत गेली की घर मोठे दिसते, उजेड येतो आणि पाहुण्यांशी बोलत बोलत यजमानाला चीज कापता येते. चीज कापण्यापलीकडे त्या ओट्यावर काही घडेल, अशी शंका आराखडा काढणाऱ्याला आलेली दिसत नाही. शेगडीच्या वर मायक्रोवेव्ह आहे आणि त्याच्याच पोटात धूर ओढणारा पंखा बसवलेला आहे. पहिल्या दिवशी मला त्याचे फार कौतुक वाटले. त्याला बाहेर जाणारी नळीच नाही, तो खालून ओढलेला धूर कोळशाच्या जाळीतून फिरवून वरच्या फटीतून थेट माझ्या कपाळावर सोडतो, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. पुण्यात आमच्या जुन्या वाड्यात चुलीवर धुराडे होते आणि धुराड्यात न मावलेला धूर कौलांच्या फटींतून आपला आपण निघून जाई. त्या घराला कोणी नूतनीकरण केलेले म्हटले नसते, पण धुराला तिथे वाट होती.

इथला धूर जातो तो छताला लावलेल्या पांढऱ्या डबीकडे. तीत हिरवा ठिपका अहोरात्र तेवत असतो. वरच्या मजल्यावर अशा चार डब्या असून त्या तारेने एकमेकींशी जोडलेल्या आहेत, त्यामुळे एकीला संशय आला की चौघीही ओरडू लागतात. आधी कर्णकर्कश शिट्ट्या होतात आणि मग एक बाई अत्यंत शांत स्वरात ‘फायर, फायर’ असे सांगते. जन्मात कधी मोहरीचा वास न घेतलेल्या माणसाचा तो स्वर आहे.

पहिल्याच रविवारी आमटीची फोडणी केली. तेल तापले, मोहरी तडतडली, हिंग पडला, तोवर सारे शांत होते. दोन सुक्या मिरच्या पळीत पडल्या, त्यांच्या ठसक्याने मला खोकल्याची उबळ आली आणि नेमक्या त्याच क्षणी घरभर भोंगा सुरू झाला. बायको टॉवेल घेऊन धावली. मुलगा बूट घालू लागला, कारण शाळेत त्याला भोंगा वाजला की सामान न घेता इमारतीबाहेर पडायचे शिकवले आहे; त्याच्या मते आमटी हे सामान होते. मी खिडकी वर सरकवली. बाहेर शून्याखाली सहा अंश होते. पाच मिनिटांत घर इतके गारठले की आमटीवर तेलाचा तवंग थिजला, पण बाई बोलतच होत्या.

यावर मी थोडा अभ्यास केला. या डब्या दोन जातींच्या असतात. एका जातीत अमेरिसियम-२४१ या किरणोत्सारी मूलद्रव्याचा कण असतो आणि तापलेल्या तेलातून निघणारे अतिसूक्ष्म कण ती चटकन हेरते. दुसरी प्रकाशकिरणावर चालते आणि स्वयंपाकाच्या बाबतीत जरा समजूतदार असते. आमच्या वाट्याला अर्थातच पहिली जात आली आहे. डबी काढून ठेवावी म्हटले, तर न्यू जर्सीत टू-फॅमिली घर भाड्याने देतानासुद्धा या डब्यांची तपासणी होऊन दाखला मिळावा लागतो आणि स्वयंपाकघरापासून १० फुटांच्या आत अग्निशामक नळकांडे टांगावे लागते. आमचे नळकांडे मसाल्याच्या मांडणीशेजारीच आहे. गोडा मसाला काढताना प्रत्येक वेळी माझे कोपर त्याला लागते. हॉटेलातून आणलेली अंघोळीची प्लास्टिकची टोपी बायकोने एकदा डबीला चढवली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही; दोन वाजता खुर्चीवर चढून मी ती काढली.

मालकीणबाई इजिप्तच्या कॉप्टिक ख्रिस्ती आहेत. या गावात त्यांच्या लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांना ‘तान्त’ म्हणजे ‘मावशी’ म्हणायचे, असे त्यांनीच पहिल्या दिवशी बजावले, आणि त्या मला ‘या इब्नी’ म्हणजे ‘माझ्या लेका’ म्हणतात. तिसऱ्या रविवारी भोंगा झाल्यावर त्या सपाता फटफटवत जिना चढून आल्या. मी माफीची वाक्ये जुळवत असताना त्या सरळ शेगडीपाशी गेल्या, पळीत वाकून पाहिले, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाल्या, “तकलिया!”

लसूण आणि धणे कुटून तुपात खमंग परतायचे आणि ते चर्र करत मुलुखिया या त्यांच्या पालेभाजीच्या पातळ कालवणावर ओतायचे, याला त्या तकलिया म्हणतात. म्हणजे फोडणीच! फरक एवढाच, की ओतताना बाईने मोठ्याने दचकल्यासारखा ‘हाऽऽ’ असा श्वास आत ओढायचा असतो. तसे केले नाही तर मुलुखिया जमत नाही, अशी तिकडे पक्की समजूत आहे. त्यांच्या पंथात वर्षाकाठी दोनशेहून अधिक दिवस उपास असतात आणि त्या दिवसांत तूप चालत नाही, मग तेलात लसूण पडतो. तेलाचा धूर अधिक होतो. खालचे स्वयंपाकघरही त्याच नूतनीकरणातले, तीच भिंत पाडलेली आणि तसाच पंखा. अधूनमधून खालून येणारा भोंगा मी इतके दिवस रस्त्यावरच्या गाडीचा समजत होतो. दोन कुटुंबांमधली जमीन मात्र कोणी नवी केलेली नाही. त्या शंभर वर्षांच्या तुळयांमधून खालच्या चमच्याचा आवाजही वर येतो.

या तुळयांचा उपयोग करून घेण्याचे मग ठरले. फोडणीआधी मी लाटण्याने जमिनीवर दोनदा ठोकतो. खालून केरसुणीच्या दांड्याचा एक ठोका येतो, म्हणजे ‘कळले, वाजू दे’. त्यांच्याकडून दोन आले की आम्ही एक देतो. सोमवार ते शनिवार ही व्यवस्था बिनबोभाट चालते.

गेल्या रविवारी तेल तापत ठेवून मी दोन ठोके दिले आणि खालून तीन आले. तीनचा अर्थ ठरलेला नव्हता, म्हणून मी धावत जिना उतरलो. तान्त डबीखाली उभ्या राहून एका हाताने टॉवेल फिरवत होत्या, दुसऱ्या हातात लसणाची कढई होती, आणि डबी अजून गप्प होती. “हात दुखतो रे, टॉवेल तू फिरव,” त्या म्हणाल्या. मी टॉवेल घेतला. त्यांनी कढई कालवणावर पालथी केली, चर्र झाले आणि त्यांनी असा काही ‘हाऽऽ’ केला की मीही दचकलो. डबीचा हिरवा ठिपका तसाच तेवत राहिला. आम्ही दोघे विजयी मुद्रेने एकमेकांकडे पाहत होतो, तेवढ्यात वरच्या मजल्यावरून शिट्ट्या ऐकू आल्या, पाठोपाठ त्या शांत बाईंचा आवाज आणि त्याच्याही वर बायकोचा: “अहो, पळी गॅसवर कोणी ठेवली?”