जाळ्याचा खोला बघा

पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठल्यावर पहिल्याच उधाणाला बाबांबरोबर डोल जाळ्यावर गेलो होतो. नोकरीमुळे आता वर्षातून चार-पाच वेळाच जमतं, पण पहिलं उधाण मी सहसा चुकवत नाही. तेव्हापासून जे डोक्यात घोळतंय ते आज सविस्तर लिहितोय, लांब झालं तरी वाचा प्लीज.

ज्यांना डोल माहीत नाही त्यांच्यासाठी, हे ओढायचं जाळं नाही. समुद्रात खुंटांना बांधलेलं, तोंड मोठं आणि मागे निमुळतं होत गेलेलं लांबच लांब जाळं, भरती-ओहोटीच्या पाण्याला तोंड करून लावतात, पाणीच मासळी आत आणतं, आणि पाणी फिरायच्या आत जाळं वर घ्यायचं. वसईपासून रायगडपर्यंत कोळीवाड्यांचं पोट पिढ्यान्‌पिढ्या यावर चाललंय. तोंडाकडचे आस, म्हणजे जाळ्याची भोकं, इतके मोठे की हात आरपार जातो, मागे मागे बारीक होत जातात आणि सगळ्यात शेवटी खोला, म्हणजे मासळी जमते ती पिशवी, तिचा आस इतका बारीक की करंगळी पण धड जात नाही.

त्या दिवशी खोल्याची गाठ सोडली तर आधी काय पडलं? दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, चपलेचा एक तुकडा. मग बोंबील, मांदेली, करंदी. आणि त्यात चमचम करणारी पापलेटची पिल्लं, रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठी. मी एकाच टोपलीत मोजायला लागलो, साठपर्यंत आलो आणि थांबलो. खोल्यात दाबून मेलेली होती सगळी, परत पाण्यात टाकून पण उपयोग नव्हता.

2023 ला सरकारने पापलेटला राज्यमासा केलं, त्याच वर्षी 54 जातींच्या माशांसाठी कमीत कमी किती लांबीचा मासा पकडायचा ते पण ठरवलं. पापलेटला 135 मिलिमीटर, म्हणजे साधारण सव्वापाच इंच. नियम चांगलाच आहे, माझा पाठिंबा आहे. पण मला सांगा, मासा डेकवर आल्यावर पट्टी लावून काय करायचं? त्याची लांबी मोजायची जागा समुद्रात आहे, खोल्याच्या आसात आहे. आपल्याकडे सगळी भांडणं पर्ससीनवर (माशांच्या थव्याला घेरणारं मोठं जाळं), एलईडी दिव्यांनी मासे गोळा करण्यावर, बंदीचे दिवस किती यावर, आणि ती भांडणं खोटी नाहीत, पण जाळ्याच्या शेवटच्या चार-पाच हातांवर कोणी बोलत नाही.

आता ट्रॉलरचं, म्हणजे जाळं मागे ओढत नेणाऱ्या बोटीचं जाळं घ्या. त्याचे आस साधारण शंकरपाळ्यासारखे असतात. दुकानात हातात घेतलं तर छान मोकळं दिसतं, पण इंजिनाने ओढलं आणि मागे खोल्यात माल भरला की ताण येतो आणि ती शंकरपाळी लांबट होत होत मिटतात, म्हणजे कागदावर भोक आहे पण पाण्यात नाही. बाबा तर एका वाक्यात सांगतात, "आस उघराच नाय रेला तं मासली पलंल कशी?" त्यावर उपाय काय, तर तेच जाळं फिरवून असं शिवायचं की दोऱ्या ओढीच्या दिशेत सरळ आणि आडव्या येतील, आस चौकोनी राहील आणि ताण आला तरी उघडा राहील. सूत तेच, फक्त कापण्या-जोडण्याची पद्धत बदलते. आपल्या राज्यात ट्रॉलच्या खोल्याला 40 मिलिमीटरचा चौकोनी आस लावायचा नियम आहे. पण मी मागच्या वर्षी जाळ्यांच्या एका दुकानात असा तयार खोला आहे का विचारलं तर मालक म्हणाला, कोणी मागतच नाही, ठेवून काय करू. नियम आणि दुकान यांची गाठच पडलेली नाही!

डोलीचं मात्र इतकं सोपं नाही आणि ते मला प्रामाणिकपणे सांगायलाच पाहिजे. जवळा केवढासा असतो, 40 च्या आसातून तो धुक्यासारखा निघून जाईल. ज्या घराची चूल सुक्या जवळ्यावर पेटते त्याला "आस मोठा कर" असं एसी ऑफिसात बसून सांगणं हा सरळसरळ अन्याय आहे. पण वर्षभर जवळ्याचाच खोला लावून ठेवायचा, बोंबलाच्या दिवसांत पण तोच, हे आपण बदलू शकतो की. खोला गाठीने बांधलेला असतो, वेगळा काढता येतो, दोन खोले ठेवा. दुसरं म्हणजे खोल्याच्या वरच्या अंगाला मोठ्या आसाची खिडकी शिवायची. इथे पण एक मेख आहे. पापलेट चपटं आणि उंच, चौकोनी आसातून ते गोल माशासारखं सहज सटकत नाही, त्यामुळे पापलेटसाठी खिडकीचा आस त्याच्या उंचीवर ठरवावा लागेल, लांबीवर नाही. म्हणून म्हणतो, एकच माप सगळ्या किनाऱ्याला लावू नका, जाळ्यागणिक आणि मासळीगणिक बघा. आपल्या देशात हे काम करणारे लोक आहेत, कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कोळंबी खाली वेगळी ठेवून पिल्लांना बाहेर सोडणारं साधन बनवलं, 2005 ला त्याला आंतरराष्ट्रीय स्पर्धेत बक्षीस पण मिळालं. ते आमच्या धक्क्यावर मी अजून कुठल्याच बोटीवर बघितलेलं नाही.

आता जाळं ज्याचं बनतं त्याबद्दल. आजोबांच्या तरुणपणी जाळी सुताची आणि सणाच्या (तागासारख्या) धाग्याची होती, झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून, वाळवून टिकवायची. मेहनत प्रचंड, पण एखादं जाळं तुटून समुद्रात गेलं तर काही महिन्यांत कुजून संपायचं. मग नायलॉन आलं, तंगूस, म्हणजे प्लॅस्टिकचा एकेरी दोरा, आलं. हलकं, मजबूत, पाण्यात दिसत नाही, न कुजणारं. आमच्या घरात शिक्षण त्याच जाळ्यांवर झालं हे मी विसरत नाही. पण न कुजण्याचा गुण समुद्रात सुटल्यावर शाप होतो. नायलॉन पाण्यापेक्षा जड, ते तळाला जाऊन खडकाला अडकतं आणि तिथेच मासे, खेकडे मारत बसतं, कोणी खाणारं नाही, कोणी विकणारं नाही. ट्रॉलला वापरतात ते पॉलिइथिलीन पाण्यापेक्षा हलकं, ते तरंगत कुठच्या कुठे जातं. पॅसिफिक महासागरात कचऱ्याचा जो प्रचंड पट्टा आहे, त्याच्या वजनातला 46 टक्के भाग मासेमारीच्या जाळ्यांचा निघाला, 2018 च्या अभ्यासात.

गेल्या पावसाळ्यात आमच्या किनाऱ्यावर असाच एक गुंता लागला, तीन-चार रंगांची जाळी एकमेकांत पिळलेली, आणि आत कासव. जिवंत होतं. मी आणि शेजारचा एक मुलगा विळीने कापत बसलो. तंगूस पुढच्या वल्ह्यासारख्या पायात इतकं रुतलेलं की कातडी फाटून आतलं पांढरं दिसत होतं. कासव ओरडत नाही हो, नुसता मोठा श्वास टाकतं, तो आवाज अजून कानात आहे.

जाळ्यात अडकलेलं कासव किंवा डॉल्फिन जाळं कापून सोडलं तर वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभागाकडून जाळ्याची 25 हजारांपर्यंत भरपाई मिळते, 2018 च्या डिसेंबरपासून. खूप चांगली योजना, कित्येकांनी घेतली. पण जुनं, फाटलेलं जाळं परत द्यायचं कुठे? आमच्या बंदरावर त्यासाठी एक पिंप सुद्धा नाही. जाळून टाकतात नाहीतर खाडीत. केरळात कोल्लमजवळ नींदकरा बंदरावर 2017 पासून बोटवाले समुद्रात सापडलेलं प्लॅस्टिक आणून देतात, ते दळून रस्त्यात वापरतात. आम्हाला रोज खोल्यात शहराचा कचरा मिळतोच, तो परत फेकावा लागू नये एवढी तरी सोय करा. जुन्या जाळ्याला किलोमागे पैसे द्या, नव्या खोल्याला सबसिडी द्या, बघा कोण नाही म्हणतंय.

आणि खाणाऱ्यांनो, बाजारात तळहातापेक्षा लहान पापलेटचा वाटा स्वस्तात दिसला तर घेऊ नका. विकणारी मावशी रागावेल, रागावू दे, माझी आई पण रागावायची.

घरात महिनाभर वाद चालला. बाबांचं म्हणणं, खिडकीतून पापलेटची पिल्लं जातील तशी मांदेली पण जाईल, त्याचे पैसे कोण देणार. त्यांचं चूक नाही. शेवटी चारपैकी एका डोलीला खिडकी लावायला तयार झाले. अंगणात खोला पसरलाय, अर्धी खिडकी शिवून झालीये. पुढच्या उधाणाला खिडकीवाली आणि बिनखिडकीची शेजारी शेजारी लावणार, दोन्हींचा माल वेगळा तोलणार. आकडे जे येतील ते, आमच्या विरोधात गेले तरी, इथेच टाकेन.